अक्का, तुमच्या नियमाविषयी

अक्का, तुमच्या शोकसभेत मी दोन वाक्ये बोलले आणि खाली बसले.

धुळ्यात देवपूरच्या तुमच्या शाळेचे सभागृह भरले होते. जुन्या विद्यार्थिनी होत्या, शिष्यवृत्तीवर शिकलेल्या मुली होत्या; कोणाच्या कडेवर मूल होते, कोणी दवाखान्याच्या ड्यूटीवरून थेट आली होती. आपल्या शिष्यवृत्ती समितीतल्या नानांनी माझ्याकडे पाहून जाहीर केले, "आता वहिनी बोलतील. अक्कांबरोबर गावोगाव फिरल्यात त्या." मी उभी राहिले. "अक्का शिस्तीच्या होत्या. त्यांनी मला काम दिले," एवढे म्हणून बसले. मागच्या रांगेतली एक मुलगी शेजारणीच्या कानात म्हणाली, "झालं?" मला ते स्पष्ट ऐकू आले. खरे म्हणजे मलाही तेच विचारायचे होते.

त्या दिवशी तुमच्याविषयी जे जे बोलले गेले ते खरेच होते. पण मला जे बोलायचे होते, ते शोकसभेत बोलण्याजोगे नव्हते. ते भांडण होते. तुम्ही असताना ते मी अर्धेच भांडले. उरलेले अर्धे कागदावर मुद्दे काढून, क्रम लावून, स्वच्छ अक्षरात तयार ठेवले होते. मला वाटले, तुम्हाला बरे वाटू लागले की बोलू. तुम्हाला बरे वाटले नाही.

मी तुमच्याकडे आले तेव्हा पंचावन्न वर्षांची होते. वर्तमानपत्रात तुमच्या समितीविषयी चार ओळी वाचून मी तुम्हाला पत्र लिहिले आणि पेटीत टाकल्यावर आठ दिवस पस्तावले. नवव्या दिवशी तुम्ही जळगावला माझ्या दारात उभ्या होतात. पाणी मागितलेत, चहा मागितलात, दुसरा कप स्वतःच ओतून घेतलात, आणि मग चौकशी सुरू केलीत.

"एम.ए.ला कितवी आली होतीस?"

"पहिली."

"मग तीस वर्षं काय केलंस?"

"घर."

"झालं का ते?"

"झालं."

"मग चल."

शिकलेल्या बाईने आपल्या शिक्षणाचे काय करायचे, हा प्रश्न त्यापूर्वी कोणी मला इतक्या थोडक्यात सोडवून दिला नव्हता. मी निघाले. तुम्ही, नाना आणि मी, अशी आपली तिघांची समिती झाली. ज्या मुली विद्यापीठापर्यंत पोचू शकतात, पण शहरात राहण्या-जेवणाच्या प्रश्नापाशी येऊन थांबतात, त्यांना आपण शिष्यवृत्ती देत होतो. अर्ज आले की नानांच्या जुन्या गाडीतून आपण मुलींच्या घरी जायचो. प्रश्न तुम्ही विचारायच्या, गाडी नाना चालवायचे, वहीत मी लिहायचे. मला हे काम फार मानवले. लिहिणाऱ्या माणसाकडून बोलण्याची अपेक्षा कोणी करत नाही.

आणि तुमचा नियम होता. अर्जदाराच्या घरी काही घ्यायचे नाही. जेवण नाही, चहा नाही, पाण्याचा घोटसुद्धा नाही. प्रत्येकाने आपली बाटली आणि आपला डबा बरोबर ठेवायचा. गावाबाहेर एखादे लिंबाचे झाड पाहून आपण ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी खायचो. नाना दर वेळी कुरकुरायचे.

"अक्का, हातात डबे, खांद्याला बाटल्या. लोकांना वाटतं, डोस पाजायला आलेत. मागच्या गावात एक बाई पोराला घेऊन पळाली."

"पळू द्या. भाकरी खा."

नियम कसा झाला, हे तुम्ही मला पहिल्याच फेरीत सांगितले होते. मी येण्यापूर्वीची गोष्ट. शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याला एका पावरा आदिवासी कुटुंबात तुम्ही आणि नाना गेला होतात. त्यांनी कोंबडी कापली. आग्रह झाला, तुम्ही जेवलात. त्या घरच्या मुलीची निवड झाली, आणि ती गुणवत्तेवरच झाली. पण त्याच पाड्यावर दुसऱ्या एका मुलीचा अर्ज होता. तिची आई नंतर तुम्हाला बाजारात भेटली आणि शांतपणे म्हणाली, "ज्याच्याकडे कोंबडी नाही, त्याने अर्ज करायचा नाही का बाई?" हे सांगताना तुमचा आवाज इतक्या वर्षांनीही खाली आला होता. त्या दिवसापासून तुम्ही बाटली घेतलीत. हा नियम हट्टाचा नव्हता, लाजेचा होता. म्हणूनच पुढे त्याच्याविरुद्ध बोलताना माझी जीभ अडखळत राहिली.

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात आपण एरंडोल तालुक्यातल्या त्या गावी गेलो. बौद्ध वस्तीतले दोन खोल्यांचे घर, फळीवर बुद्धमूर्ती, तिच्याशेजारी यशोधराची बक्षिसे. वडील कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला, आई अंगणवाडीत मदतनीस. यशोधराने बी.एस्सी.ला कॉलेजात पहिला क्रमांक मिळवला होता. तिला जळगावला विद्यापीठात रसायनशास्त्र घेऊन एम.एस्सी. करायचे होते. तिची उत्तरे मी वहीत उतरवत होते आणि मनात म्हणत होते, या वर्षीचे पहिले नाव हेच.

तिची आई स्टीलच्या ट्रेमध्ये पाण्याचे तीन ग्लास घेऊन आली. ट्रे नवा होता. त्याच्या कडेला दुकानाच्या चिकटपट्टीची खूण अजून होती.

"नको ताई, आमचं आहे बरोबर," तुम्ही गोड आवाजात म्हणालात. आणि ऊन फार होते म्हणून पिशवीतून तुमची बाटली काढलीत आणि तिथेच, त्यांच्या समोर, पाणी प्यायलात.

ती माउली ट्रे घेऊन उभीच राहिली. यशोधराचे वडील किंचित हसले. "आमचं नळाचंच आहे, पण चांगलं आहे."

"तसं काही नाही हो. आमचा नियमच आहे तसा."

"नियम," ते म्हणाले. "असू द्या. नियम आम्हाला नवीन नाहीत."

"शिस्तीची माणसं दिसता. बरं वाटलं," तुम्ही म्हणालात.

अक्का, तुम्ही हे मनापासून म्हणालात. टोमणा तुमच्यापर्यंत पोचलाच नाही. का पोचला नाही, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. तुमच्या वडिलांच्या घरी सगळ्या जातींची मुले एका पंगतीत जेवत. पाणी नाकारण्याचा जो दुसरा अर्थ आपल्या समाजात होतो, तो तुमच्या घरात कधी नव्हताच. म्हणून तो तुम्हाला दिसला नाही. माझ्या माहेरी मागच्या दाराशी एक पेला वेगळा ठेवलेला असे. तो कोणासाठी, हे मला सहाव्या वर्षी ठाऊक होते. त्यामुळे त्या खोलीत काय घडले, ते मला त्याच क्षणी कळले. चांगल्या घरात वाढलेली बाई चुकली आणि वाईट सवयीच्या घरात वाढलेल्या बाईला ती चूक दिसली. आणि जिला दिसली, तिने काय केले? मी ट्रेकडे पाहिले, मग मान खाली घातली आणि वहीत लिहिले, 'कुटुंब सुसंस्कृत.'

निवड झाली. पत्र गेले. उत्तर आले ते चार ओळींचे. आपण निवड केलीत याबद्दल आभारी आहे, मात्र ही शिष्यवृत्ती मला स्वीकारता येत नाही, दुसऱ्या गरजू मुलीला द्यावी.

"लग्न ठरलं असेल," नाना म्हणाले.

"मिजास आहे," तुम्ही म्हणालात. मग थोड्या वेळाने, "वाईट वाटलं पण. हुशार होती."

यादीतल्या पुढच्या मुलीला मीच पत्र लिहिले. तीही चांगलीच निघाली. पण यशोधराचे विद्यापीठ तिथेच राहिले.

गेल्या दिवाळीनंतर ती मला चाळीसगावच्या फलाटावर भेटली. मी धुळ्याची गाडी लागायची वाट पाहत बाकावर बसले होते. समोर येऊन तिने विचारले, "मॅडम, ओळखलं का?"

मामाकडे राहून ती तिथल्या एका क्लासमध्ये अकरावी-बारावीच्या मुलांना रसायनशास्त्र शिकवत होती. मी बाकावर सरकले. ती बसली नाही.

"तुमच्या अक्का कशा आहेत?"

"बऱ्या आहेत."

"अजून बाटली घेऊनच फिरतात?"

मी मान हलवली. मग तुमची बाजू मांडायची म्हणून कोंबडीची गोष्ट तिला सांगितली. तिने ती नीट ऐकून घेतली.

"हे तेव्हा सांगितलं असतं, तर पप्पा हसले असते. कोणी सांगितलंच नाही. आणि पत्र पप्पांनी लिहायला लावलं नव्हतं, मीच लिहिलं. ते तर म्हणत होते, घे, शीक, आपल्याला काय त्यांच्या घरी जायचंय."

"अक्कांच्या मनात तसं काही नव्हतं गं."

"ते मला तेव्हाच कळलं. त्यांना खरंच कळलं नव्हतं." मग तिने माझ्याकडे सरळ पाहिले. "पण तुम्हाला कळलं होतं मॅडम. तुम्ही आईच्या हातातल्या ट्रेकडे बघितलं आणि मग वहीत बघितलं. मला अक्कांपेक्षा तुमचाच राग जास्त आला."

गाडी लागली. मी उठले, तेव्हा तिने आणखी एक गोष्ट विचारली. ती त्या वेळी मला ओझरती वाटली. पुढे मात्र माझ्या सगळ्या मुद्द्यांच्या मुळाशी तीच राहिली. "आणि समजा, पाणी प्यायला असता, तरी तुम्ही घर बघायलाच आला होता ना? मार्कशीट दिली होती, उत्पन्नाचा दाखला दिला होता. मग आणखी काय बघायचं होतं?"

मला वाटले होते, त्याच दिवशी धुळ्याला पोचताच तुम्हाला सगळे सांगेन. सांगायला फाल्गुन उजाडला. माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे.

तुम्ही गच्चीवर जुन्या धोतराच्या पानावर ज्वारीच्या बिबड्या वाळत घालत होतात, पापडासारख्या थापून. मी थापायला बसले, माझी पहिलीच फाटली, आणि त्या फाटलेल्या बिबडीकडे पाहत मी सगळे सांगितले.

"मी?" तुम्ही म्हणालात. "मी जात पाहिली?"

"तुम्ही नाही पाहिली, अक्का."

"मग?"

"त्यांना दिसली."

तुम्ही हात थांबवलात. मग तुमचा पारा चढला. "चहाला नाही म्हणताना माझा जीव किती तुटतो, ठाऊक आहे? मला चहा किती लागतो, तुला माहीत नाही? आणि आता काय करू? बौद्धांच्या घरी प्यायचा आणि पावऱ्यांच्या घरी नाही? हे तर जात बघून पिणं झालं! नियम एकासाठी मोडला की नियम राहत नाही, मेहरबानी होते."

खरे सांगायचे तर, तुमचे म्हणणे मला पटले. मी "हो" म्हणाले. तुम्ही म्हणालात, "हो काय हो? भांड की माझ्याशी. पहिली आली होतीस ना?" मी हसले, तुम्ही हसला नाहीत, आणि आपण उरलेल्या बिबड्या घातल्या.

घरी येताना एसटीत मला उत्तर सुचू लागले. मला नेहमी परतीच्या वाटेवरच सुचते. मी महिनाभर ते लिहीत होते. प्रश्न पाण्याचा नाहीच, असे मला वाटू लागले होते. आपण निवडीच्या आधी घरी जातो. त्यामुळे त्या घरातला प्रत्येक ग्लास आणि प्रत्येक कोंबडी परीक्षेतला पेपर होऊन बसते. घेतले तर लाच, नाकारले तर अपमान. मग आधी निवड करावी आणि नंतर घरी जावे, तपासणीस म्हणून नव्हे तर पाहुणे म्हणून. मग कोंबडी ही फक्त कोंबडी राहील. हा मुद्दा मी पहिल्या क्रमांकावर लिहिला होता. तो तुमच्यासमोर वाचायचा राहिला.

तुम्ही त्याला काय म्हणाला असतात, तेही मी लिहून ठेवले होते. "कागद खोटं बोलतात निर्मला, घर बोलत नाही." हे तुमचे नेहमीचे वाक्य. मी पाहिले आहे तुम्हाला, दाखल्यावरचे उत्पन्न आणि दारातली मोटारसायकल यांचा मेळ घालताना. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, ज्यांच्याकडे एकही कागद नव्हता अशा मुली तुम्ही केवळ चालत जाऊन शोधल्यात. एका पाड्यावर मुलीचा चुलता तुम्हाला म्हणाला होता, "शिकून काय कलेक्टर होणार आहे ती?" तुम्ही म्हणालात, "नाही झाली, तर तुम्ही अंगठा कशावर उठवता, ते तरी वाचून सांगेल." ती मुलगी आज एका सरकारी दवाखान्यात परिचारिका आहे. कागदांच्या भरवशावर राहिलो असतो, तर ती आपल्याला दिसलीच नसती. हे मला नाकारता येत नव्हते, अजूनही येत नाही.

आता शोकसभेकडे पुन्हा येते, कारण तिथे मला एक गोष्ट कळली. सभा संपल्यावर दाराशी यशोधराची आई उभी होती. एकटीच एरंडोलहून बसने आली होती. मी तिला लगेच ओळखले आणि ओळखताच मला मागे सरावेसे वाटले. तिनेच माझा हात धरला.

"अक्का आमच्याकडे आल्या होत्या, तुम्हाला म्हणाल्या का?"

मी नाही म्हटले.

"चैत्रात. एकट्याच, एसटीनं. उन्हात फाट्यापासून चालत आल्या. आल्या आल्या पाणी मागितलं. मालक म्हणे, आज नियम नाही का? आणि उठलेच नाहीत जागेवरून."

"मग?"

"मंग काय, बसल्या तशाच. मालक बोली राहिंतात, त्या ऐकी राहिंत्यात. घाम पुसत. मालकांचं संपेना. मंग मीच तांब्या आणीसन पुढे ठेवला." ती हसली, आणि तिचे डोळे भरले. "बठ्ठा, पुरा तांब्या पी ग्यात, माय. आन् मंग माले म्हने, 'आजून शे का?'"

अजून आहे का, हे तुम्ही अहिराणीतच विचारले असणार, याबद्दल मला शंका नाही. लाज वाटली की तुम्ही अहिराणीत शिरायच्या.

"माफी मागितली का त्यांनी?" मी विचारले.

तिने थोडा विचार केला. "म्हणाल्या, माझा नियम चुकला असं मी अजून म्हणत नाही. पण तुम्हाला लागलं ते मला दिसलं नाही, ते चुकलं."

अक्का, ही बातमी मला तुमच्या शोकसभेच्या दारात का कळावी? चैत्रानंतर आपण तीनदा भेटलो. तीनही वेळा तुम्ही मला अर्ज तपासायला दिलेत, माझ्या अक्षराची स्तुती केलीत, तुमच्या औषधांवरून नानांशी वाद घातलात. या गोष्टीचा एक शब्द काढला नाहीत. मी लाजरी आहे म्हणून गप्प राहिले. तुम्ही तर कोणालाच लाजत नव्हतात. मग तुम्ही का गप्प राहिलात? माझ्या सांगण्यावरून तुम्ही उन्हात चालत गेलात, हे मला कळले असते तर मी माझा कागद लगेच तुमच्यासमोर ठेवला असता. कदाचित तुम्ही वाट पाहत होतात की मी आपण होऊन भांडायला येईन. तुम्ही तसे बोलावलेही होतेत. हा विचार मला सर्वांत जास्त छळतो, आणि सर्वांत जास्त आधारही त्याचाच वाटतो.

परवाच्या रविवारी नानांच्या घरी समितीची बैठक झाली. तुमच्या जागी आम्ही रेखाला घेतले आहे. तुमची सातपुड्याच्या पायथ्याची रेखा, शिष्यवृत्तीवर शिकलेली आणि आता शिरपूरला माध्यमिक शाळेत शिक्षिका. या वर्षीचे अर्ज टेबलावर होते. नानांनी सुरुवातीलाच सांगितले, "घरभेटी अक्कांच्या पद्धतीनंच करायच्या. डबा, बाटली, सगळं तसंच. त्यांची आठवण म्हणून."

त्या क्षणी गप्प राहणे किती सोपे होते! पण चाळीसगावची ती मुलगी मला समोर दिसत होती. तिची दोन वर्षे माझ्या गप्प राहण्यात गेली आहेत. तिसरे वर्ष जाऊ द्यायचे की नाही, हे त्या टेबलावर ठरणार होते. मी पर्स उघडली, कागद काढला आणि वाचायला लागले. पहिला मुद्दा वाचून झाल्यावर नाना म्हणाले, "वहिनी, अक्कांना जाऊन महिना नाही झाला."

"म्हणून तर आत्ता बोलते, नाना. महिना झाला की माझा धीर जाईल."

मी यशोधराच्या घरी घडलेले सांगितले, माझ्या वहीतले ते दोन शब्दही सांगितले. मग कोंबडीचा प्रसंग आला. रेखा तोवर खाली पाहून ऐकत होती. ती म्हणाली, "ती कोंबडी आमच्या घरची होती."

हे नानांना माहीत होते. मला माहीत नव्हते. तुम्ही त्या गोष्टीत मुलीचे नाव कधी घेतले नाहीत.

"अर्जासाठी नव्हती कापली," रेखा म्हणाली. "पाहुणे आले म्हणून कापली. माझ्या बापाला अर्ज म्हणजे काय, हेसुद्धा ठाऊक नव्हतं. पुढच्या वर्षी अक्का पाड्यावर आल्या आणि आमच्या घरी पाणीपण न घेता गेल्या. आई दोन दिवस विचारत होती, जेवणात काय कमी पडलं?"

नानांनी चष्मा काढून पुसला.

मग रेखाने मलाही सोडले नाही. "पण मॅडम, तुमच्या पद्धतीनं माझी निवड झाली असती का? माझ्याकडे कागदच नव्हता. अक्का घरी आल्या, म्हणून मी इथे बसले आहे."

मी म्हटले, "याचं उत्तर माझ्याकडे नाही. अक्का असत्या तर त्यांनीही मला इथेच पकडलं असतं."

त्यावर तासभर चर्चा झाली. ज्यांच्याकडे दाखले नाहीत, त्यांच्याविषयी रेखा त्या त्या शाळेतल्या शिक्षकांना भेटून विचारेल. बाकी सगळ्यांची निवड आधी, घरी जाणे नंतर. वर्षभर असे करून पाहायचे ठरले. नाना म्हणाले, "मला पटलेलं नाही. पण भाकरी झाडाखाली खाऊन माझे गुडघे गेले, त्यामुळे माझं मत धरा तुमच्या बाजूनं." तुम्हाला हे आवडले नसते, किंवा आवडूनही तुम्ही तसे दाखवले नसते. या पद्धतीत एखादी कागद नसलेली मुलगी निसटली, तर तो दोष माझा असेल. मी तो वहीत लिहून ठेवला आहे, माझ्या नावासह.

काल मी यशोधराला फोन केला. प्रवेशाची मुदत अजून शिल्लक आहे. मी तिला नवी पद्धत सांगितली. हेही सांगितले की तिच्या अर्जावर मी मत देणार नाही, ते नाना आणि रेखा पाहतील, कारण मी तिच्याबाबतीत आता तटस्थ राहिलेले नाही. तुम्ही हेच सांगितले असतेत.

"अर्ज करते," ती म्हणाली. "पण एक विचारू?"

"विचार."

"निवड झाली तर तुम्ही घरी येणार, हे कळलं. आणि नाही झाली तर?"

हा मुद्दा माझ्या कागदावर कुठेच नव्हता, अक्का. समितीत चर्चेला आला नव्हता. नियमात बसत होता की नाही, हेही मला ठाऊक नव्हते. आणि अशा वेळी मी आजवर नेहमी तुमच्या चेहऱ्याकडे पाहत आले.

"तरी येईन," मी म्हटले. तुम्हाला न विचारता.